गोणपाटातले शंभर दाणे

एक गोणपाट ओलं करून पसरायचं. पोत्यातून मूठ मूठ करून, न निवडता, सोयाबीनचे शंभर दाणे काढायचे आणि दहा-दहाच्या ओळी मांडायच्या. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून दोन्हींची वळकटी करायची, सुतळीने सैल बांधायची आणि माठाजवळच्या सावलीत ठेवून द्यायची. रोज पाण्याचा हबका मारायचा. सातव्या दिवशी वळकटी उलगडून मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीसारखं एकरी तीस किलो बी पेरायचं. साठ ते सत्तरच्या दरम्यान निघाले तर त्या मानाने बी वाढवायचं. साठच्या खाली गेले तर ते सोयाबीन पेरायचं नाही, अडतीवर नेऊन विकायचं.

याला पैसा लागत नाही. शिकायला अर्धा तास पुरतो. तरी माझ्याकडच्या एका गावात ही चाचणी घरोघर व्हायला अकरा वर्षं लागली.

मी १९९० साली कृषी सहाय्यक म्हणून नोकरीला लागले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच बाजूच्या गावांत फिरले. आता आमच्या पदाला सहायक कृषी अधिकारी असं नवं नाव मिळालं आहे. शेतकरी नवं घेत नाही, तो हेकट आहे, त्याला सांगून उपयोग नाही, हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकलं. बैठकीत ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःही ते म्हटलं. ते खरं नाही, आणि ते खरं मानल्यामुळे आपण फार मोठी चूक करत आलो आहोत, हे मला इथे सांगायचं आहे.

वसमत, कळमनुरी, औंढा हा सगळा हळदीचा पट्टा. पूर्वी हळद काहिलीत शिजायची. खाली जाळ, वर गोणपाटाचं झाकण, धुराने डोळे चुरचुरणारे गडी, आणि हळद नीट शिजली की नाही हे काडी टोचून बघणारा एखादा जाणता म्हातारा. मग वाफेवर शिजवणारे कुकर आले. त्यासाठी मी एकही सभा घेतली नाही, एकही घडीपत्रिका वाटली नाही. तीन-चार हंगामांत माझ्या गावांतल्या काहिली गोठ्याच्या मागे उपड्या पडल्या. कुकर भाड्याने फिरवणारे लोक तयार झाले, ते शेतावर येऊन हळद शिजवून देऊ लागले, जळण वाचलं, गडी वाचले, वेळ वाचला. बीटी कापसाचंही तेच. २००२ साली परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत घरचं सरकीचं बी ठेवणारा माणूस शोधून सापडेना. तणनाशक तर मी शिफारस करायच्या आधी वावरात पोचलेलं असायचं.

म्हणजे आमचा शेतकरी नवं घेतो, आणि झपाट्याने घेतो. कुकरच्या मागे भाडं घेणारा होता, बियाण्याच्या पाकिटामागे कंपनी होती, दुकान होतं, भिंतीवर रंगवलेली जाहिरात होती. गोणपाटाच्या मागे कोणी नव्हतं. सोयाबीन हे स्वपरागीत पीक आहे. एकदा चांगलं बियाणं घेतलं की त्यापासून घरी तयार केलेलं बी दोन-तीन वर्षं सहज चालतं. ते तपासून पेरायचं कसं, हे शेतकऱ्याला शिकवून कोणाचं दुकान चालणार? बीजप्रक्रियेच्या जिवाणू खताचं पाकीट काही रुपयांचं असतं, उताराला आडवी पेरणी करायला तर काहीच विकत घ्यावं लागत नाही. ज्या ज्ञानावर कोणाला कमिशन मिळत नाही, ते गावात पोचवायला सरकारचा पगारी माणूस लागतो. कृषी विस्तार नावाची व्यवस्था यासाठी आहे. बाकीचं बाजार पोचवतोच, कधीकधी नको तेही पोचवतो.

२००३ च्या मे महिन्यात मी त्या गावात पहिल्यांदा ही चाचणी दाखवली. मारुतीच्या पारावर, सकाळी, पंचवीस-तीस माणसं होती. तक्ता टांगला, गोणपाट नेलं होतं, दाणे मांडून दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीवर सह्या झाल्या, फोटो निघाला, अहवाल गेला. पुढच्या वर्षी विचारलं तर दोघांनी केलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी एकाने. मी दर मे महिन्यात पारावर जात राहिले आणि दर वर्षी तीच वही भरत राहिले. पाच वर्षं अशी गेली.

सहाव्या वर्षी उन्हाच्या तडाख्यात एका घरी पाणी प्यायला थांबले. ओसरीवर घरातली म्हातारी सूप घेऊन सोयाबीन पाखडत होती. फुटका दाणा, हिरवा दाणा, सुरकुतलेला दाणा, झरझर बाजूला पडत होता. मी विचारलं, "हे काय करता, आजी?" त्या म्हणाल्या, "बियाचं हाय, बाई." मी गोणपाटाची गोष्ट काढली तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा पाच वर्षं माझ्या सभेला येत होता, पहिल्या रांगेत बसत होता. पण बी निवडणं, राख-कडुनिंबाचा पाला घालून ठेवणं, कणगीतून काढून वाळवणं हे त्या घरात सासू-सुना करत होत्या. आजींनी मला सरळ सांगितलं, "तुमी पारावर बोललात ते पारावरच राह्यलं की."

मी स्वतः बाई. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. माझ्या आईनेही बी असंच ठेवलेलं मी पाहिलं होतं. तरी नोकरीत शिरल्यावर मी पारावर जाऊन उभी राहिले, कारण प्रशिक्षणात आम्हाला शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो, असंच शिकवलं होतं.

त्या वर्षापासून मी मे महिन्यात दुपारी जाऊ लागले, कुरडया-पापड चालू असतात त्या अंगणात. कुरडयांचा चीक शिजेपर्यंत अर्धा तास मिळतोच. पहिल्याच अंगणात मी दाणे मांडत असताना एक जण म्हणाली, "म्हंजे हा घटच की, म्याडम!" नवरात्रात घटाखालच्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी ते किती वर आलं यावरून पुढच्या पिकाचा अंदाज बांधतो. बायकांना हे आईकडून आलेलं. मी त्यानंतर 'उगवणक्षमता चाचणी' हा शब्द त्या गावात कधी उच्चारला नाही. सोयाबीनचा घट म्हणू लागले. नाव त्यांनी दिलं, काम त्यांनी उचललं.

तरी ते एका वर्षात झालं नाही. घट बसू लागले, पण मोड कमी निघू लागले. पन्नास, पंचावन्न. बायका वैतागल्या: एवढं निवडून-पाखडून बी उगवत का नाही? सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून धड दिसतो पण आतून मार खातो. पोतं गाडीवरून धपकन टाकलं तरी तेच. म्हणून बियाण्याच्या मळणीला ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवा, असं आम्ही सांगायचो. शेतकरी हो म्हणायचे आणि यंत्र भरधाव चालायचं.

एका दसऱ्यानंतर मी दिवसभर मळणी यंत्राबरोबर फिरले. चालक विशीतला मुलगा होता. संध्याकाळी त्याने मला त्याचा हिशेब सांगितला. त्याला पैसे पोत्यामागे मिळत होते. फेरे कमी केले की दिवसाची पोती कमी, आणि हंगाम तर जेमतेम तीन आठवड्यांचा. ज्याच्या हातात वेग होता त्याला आम्ही कधी काही विचारलंच नव्हतं. उपाय त्यानेच सुचवला. पाच एकरांना बी लागतं दीड क्विंटल. निवडीचं धरून दोन-तीन पोती. सगळं रान सावकाश मळायची गरजच नव्हती. बियाण्यापुरतं वेगळं मळायचं, त्या पोत्यांना चार पैसे जास्त द्यायचे. पुढच्या हंगामात काही घरांनी तसं केलं, आणि त्या घरांचे घट पंचाहत्तर-ऐंशीवर गेले. मग शेजारणींनी पाहिलं. शेजारणीच्या वळकटीतले मोड दिसले की माझ्या तक्त्याची गरज उरत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात मी त्या गावात चक्कर मारली तेव्हा जवळपास प्रत्येक माठाशेजारी वळकटी होती.

अकरा वर्षांतली निम्मी मी चुकीच्या माणसांशी बोलण्यात घालवली आणि उरलेल्या निम्म्यात मी ऐकायला शिकले. नकार देणारा शेतकरी बहुतेक वेळा आपल्याला काहीतरी सांगत असतो.

माझी आजी १९६४ साली आलेल्या संकरित ज्वारीबद्दल बोलायची. सीएसएच-१ हे तिचं कागदावरचं नाव, आमच्याकडे नुसतं 'हायब्रीड'. तिने उपासमार रोखली, हे विसरता येणार नाही. बहात्तरच्या दुष्काळातून गेलेली पिढी ते विसरतही नाही. पण खरिपात लवकर तयार होणाऱ्या त्या कणसावर परतीचा पाऊस पडला की दाणा काळा पडायचा. ताट बुटकं, म्हणून कडबा कमी, आणि बैल काय खाणार? भाकरी थंड झाली की वातड व्हायची. आजी म्हणायची, पोतं भरतं पण ताट भरत नाही. शास्त्रज्ञ दाणा मोजत होते. कडबा आणि भाकरी मोजायला कोणी चुलीपर्यंत आलं नाही. रब्बीत मात्र लोकांनी मालदांडी सोडली नाही आणि आजही भाकरीसाठी तीच शोधतात. आपल्या भाषेत 'हायब्रीड' हा शब्द निकस, बेचव या अर्थाने रुळला त्याच्या मागे लाखो चुलींवरचा अनुभव आहे. तो अनुभव संशोधन केंद्रापर्यंत वेळेत नेणं हेही विस्तारकाचं काम होतं. हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालता आला पाहिजे.

रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र आमच्याकडे आलं तेव्हाही असंच झालं. पद्धत उत्तम आहे: पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर ओल टिकते. पण पेरणीचा वाफसा मिळतो दोन-तीन दिवस, गावात यंत्र एक, आणि दीड एकराच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळवायलाच रान जातं. एका शेतकऱ्याने आपल्या साध्याच पेरणी यंत्राचा एक नळा बंद केला, ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडली आणि कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे सरी ओढली. यंत्र नसतानाही सरीचा बराचसा फायदा त्याला मिळाला. पट्टापेर म्हणतात ती हीच. माझ्या अहवालात मात्र त्याला रकाना नव्हता. रकाना होता 'यंत्राद्वारे पेरणी, हेक्टर' एवढाच.

कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला मी दोष देत नाही. तो सकाळी सातला दुकान उघडतो, उधार देतो, आणि शेतकरी किडकं पान घेऊन आला की समोर हजर असतो. आम्ही त्या वेळी तालुक्याला बैठकीत असतो. पण सल्ला आणि विक्री एकाच गल्ल्यावरून होऊ लागली की काय होतं ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसलं. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधं एकत्र करू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, आधी कामगंध सापळ्यातले पतंग मोजा, सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले तरच औषध काढा. या चार गोष्टी सांगायला त्या बांधावर त्या आठवड्यात कोण होतं, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. माझ्या गावात तसं घडलं नाही, पण घडू शकलं असतं.

ऐंशीच्या दशकात 'प्रशिक्षण आणि भेट' अशी योजना होती. माझ्या वडिलांच्या रानात कृषी खात्याचा माणूस पंधरवड्यातून ठरलेल्या वारी सायकलवर यायचा. त्या योजनेत दोष पुष्कळ होते, वरून ठरलेला निरोप सगळीकडे सारखाच सांगितला जायचा. पण वार ठरलेला होता. वडील त्या दिवशी बाजाराला जायचे नाहीत. पुढे १९९८ साली खात्याची पुनर्रचना होऊन वेगवेगळ्या योजना एका खिडकीत आल्या, मृदसंधारण, फलोत्पादन, विस्तार सगळं एकाच कृषी सहाय्यकाकडे. मग 'आत्मा' नावाची विस्तार यंत्रणा आली, शेतीशाळा आल्या. शेतीशाळेची कल्पना मला मनापासून आवडते. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातशेतकऱ्यांसाठी ती सुरू झाली. तिथे शेतकरी एकाच वावरात दर आठवड्याला जमून कीड आणि मित्रकीटक स्वतः मोजतात. पण बरोबरीने कागदही वाढत गेले. अनुदानाचे अर्ज, पंचनामे, ठिबकची तपासणी, विम्याच्या तक्रारी, याद्या, त्या याद्यांच्या दुरुस्त याद्या. माझ्याकडे सुरुवातीला तीन गावं होती, निवृत्तीच्या वेळी सात. शेवटच्या वर्षांत मी बांधावर जायचे ती बहुतेक करून फोटो काढायला.

२०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पावसाने झोडपलं आणि सोयाबीन रानातच भिजलं. पुढच्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या त्या वर्षी, मराठवाड्यात बी न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. त्या घटाच्या गावातून मे महिन्यातच मला मोबाइलवर वळकट्यांचे फोटो येऊ लागले होते. दोन घरांत ४१ आणि ३८ मोड निघाले. त्यांनी ते सोयाबीन पेरलंच नाही, विकलं आणि दुसरीकडून तपासलेलं बी घेतलं. त्या गावात दुबार पेरणी फार थोड्यांना करावी लागली. तिथून सहा किलोमीटरवरचं गाव माझ्याकडे अतिरिक्त कार्यभारात होतं. तिथे मी पंचनाम्याला गेले. ओळीत दोन-दोन हात मोकळी जमीन. माती उकरली तर दाणा मऊ पडून कुजलेला. पिशवीतलं विकतचं बीही होतं आणि घरचंही. एक शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "त्या गावाला तुमी घट शिकवला म्हणं. आमाला काऊन नाही शिकवला?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या गावात मी चार वर्षांत जितक्यांदा गेले ते नुकसानीच्या कागदांसाठी.

२०२५ साली राज्य सरकारने 'महाविस्तार' नावाचं ॲप आणलं, त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मराठीत सल्ला मिळतो. याचं मी स्वागतच करते. रात्री अकराला पडलेला प्रश्न रात्री अकरालाच विचारता येणं ही मोठी सोय आहे, आणि हवामान, बाजारभाव, खताची मात्रा यासाठी माणसाची वाट बघायची गरज नाही. पण मळणीवाल्या मुलाचा हिशेब ॲपला कोण सांगणार? घरातला फोन मुलाकडे असतो आणि बी सासूकडे. ॲपमुळे सहाय्यकाचे तास मोकळे होणार असतील तर ते तास बांधाला मिळाले पाहिजेत, नव्या रकान्यांना नाही. आठवड्यातले दोन दिवस त्याला कुठलीही यादी, तपासणी, बैठक लावू नये. ते दोन दिवस आणि गाव पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं असावं. आणि त्याचं काम मोजायचंच असेल तर प्रात्यक्षिकं किती घेतली हे विचारू नका. तीन वर्षांपूर्वीच्या प्रात्यक्षिकाच्या रानात आज काय चाललं आहे, तिथे तुम्ही पुन्हा कधी गेला होता, लोकांनी काय बदलून घेतलं, काय टाकून दिलं आणि का, हे विचारा. रिक्त पदं भरल्याशिवाय यातलं काही होणार नाही हे खरंच आहे. सात गावांत ठरलेला वार पाळता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

या मे महिन्यात त्या घटाच्या गावातून एका मुलीचा फोन आला. पाखडणाऱ्या त्या आजींची ती नातसून, आजी आता नाहीत. तिने वळकटीचा फोटो पाठवला होता आणि मोजताना अडली होती. काही दाण्यांचं टरफल फुटलं होतं पण मूळ बाहेर आलं नव्हतं. "मावशी, हे धरायचे का?" मी म्हटलं, "मूळ नाही ते धरू नको, वाकडं-तुटकं मूळ असलं तरी धरू नको." तिने पुन्हा मोजले. पहिल्या मोजणीत ७१ होते, आता ६४ भरले. मग आम्ही फोनवरच गणित मांडलं: तीस गुणिले सत्तर, भागिले चौसष्ट. एकरी तेहतीस किलो. "म्हंजे चार एकराला बारा किलो जास्त," ती म्हणाली, आणि शेजारणीकडे जादा बी आहे का बघायला गेली.